घोट्याचा लाल दोरा

वाद्यखोली, ४ जून

ताई,

पाया पडतो. म्हणजे मनाने. शरीराने पडायचं तर मध्ये पोट येतं आणि उठवायला दोन माणसं लागतात, हे तुला ठाऊकच आहे.

बातमी अशी की आमच्या बँडला यंदा शंभर वर्षं होतायत. नोव्हेंबरात मोठं संचलन आहे आणि सगळ्यांना नवे कोट मिळणार आहेत. मास्तरांनी, म्हणजे आमच्या मिशी चावणाऱ्या बँडमास्तरांनी, मला बाजूला घेऊन सांगितलं की बाकीच्यांचे कोट कारखान्यातून येतील, तुझा मात्र तुझ्या बहिणीकडूनच शिवून घे. मी लगेच छाती पुढे काढून म्हणालो, माझ्या बहिणीसारखा कोट कोणी शिवतच नाही. क्लॅरिनेटवाला मागून ऐकत होता. म्हणाला, "तुझी छाती कितीही पुढे काढ, ती पोटाच्या मागेच राहते." सगळे हसले, मीही हसलो. खरं कारण हे की कारखान्याच्या सगळ्यात मोठ्या मापातही मी मावत नाही. मास्तरांनी ते चारचौघांत बोलून दाखवलं नाही, तेवढी त्यांची कृपा.

सोबत दोरे पाठवतोय. पांढरा कमरेचा, निळा छातीचा. घोट्याचा लाल या वेळी नाही, पँट जुनीच चालेल. बाबांचा टेपवर विश्वास नव्हता, अंगाभोवती दोरा फिरवून जुळेल तिथे कापायचा आणि गाठ मारायची ही त्यांची रीत. ते गेले, दुकान तुझ्याकडे आलं, पण फोनवर आकडे सांगितले तर तू अजूनही ऐकून घेत नाहीस. म्हणून सगळं जग मोबाईलवर बोलतं आणि आपण दोघं पाकिटं चिकटवत बसतो.

दुसरं काही विशेष नाही. बँडच्या वार्षिक तपासणीला नव्या डॉक्टरीणबाई आल्या होत्या. त्यांनी माझी सोनोग्राफी करायला लावली. यकृतात चरबी साठलीय म्हणे. मी म्हटलं, बाई, बाहेर इतकी आहे तर आत थोडी असणारच. त्या हसल्या नाहीत. रक्ताची आणि लघवीची तपासणी लिहून दिली. चौकशी यकृताची आणि तपासायची लघवी, हे मला काही कळलं नाही. चिठ्ठी खिशात आहे, वेळ मिळाला की जाईन.

तुझा गुडघा कसा आहे?

तुझा,
ढब्बू


दुकान, १२ जून

ढब्बू,

आशीर्वाद पत्राच्या शेवटी आहेत, आधी बोलणी खा.

तू पाठवलेला पांढरा दोरा माझाच आहे. मागच्या कोटाच्या आतल्या खिशात मी मेण लावून ठेवलेला, पुढच्या वेळी ताडून बघता यावा म्हणून. तू ताडून न बघता तोच पाकिटात घातलास. अरे, मी डावखुरी आहे. माझी गाठ उलट्या बाजूने पडते, त्यावरून बाबांनी मला जन्मभर चिडवलं. ती गाठ मी ओळखणार नाही होय? माझ्याच दुकानाच्या मेणाचा वास येतोय त्याला. चोरी करायची तर निदान गाठ तरी सोडून बांधायचीस.

आता असं कर. दोरा तुझ्या बायकोच्या हातात दे, हात वर कर आणि तोंड बंद ठेव. पोट आत ओढायचं नाही. आणि या वेळी लाल दोराही हवा. तुझ्या मास्तरांनी नव्या पोशाखाचं चित्र पाठवलंय. त्यात पँट घोट्यापाशी घट्ट आहे, वर बटणांची कापडी पट्टी. जुनी पँट चालणार नाही.

तपासणीची चिठ्ठी खिशात बाळगायला दिलेली नसते. कपडे धुताना ती लगदा होऊन निघेल आणि मग तू म्हणशील, हरवली.

माझा गुडघा आहे तिथेच आहे. तू तुझं बघ.

आशीर्वाद आहेतच.

ताई


घरून, २० जून

ताई,

पकडला गेलो. काय करणार, ती गाठ बघून मला वाटलं गाठ ती गाठ.

काल मापं झाली. बायको दोरा घेऊन माझ्याभोवती फिरली आणि अर्ध्या वाटेत तिचा हात पोहोचेना. मग दोऱ्याचं टोक मी धरलं आणि ती दुसरं टोक घेऊन मला वळसा घालून आली. तिला हसू आवरेना. मी आधी हसलो, पण दोरा कापून टेबलावर पसरला तेव्हा माझं हसू जिरलं. जुना दोरा शेजारी ठेवला होता. ताई, मला खरंच वाटत होतं की मी आहे तसाच आहे. जुना दोरा मी फसवायला पाठवला, हे खरं. पण फसवायचं तुला होतं की मला, ते आता मलाच सांगता येत नाही.

पांढरा दोरा उघडताना खुर्चीवर बसून उघड.

ढोल मात्र झकास चाललाय. पोटावर असा टेकतो की पट्ट्यांवर भारच येत नाही. मास्तर म्हणतात, देवाने तुला ढोल ठेवायला फळी देऊनच पाठवलंय. पोरं माझं पोट बघायलाच संचलनाला येतात, मग गालांनी ढोलाची नक्कल करत घरी जातात.

सगळ्यांची मापं तुझ्या भिंतीवर खिळ्यांना टांगलेली असतात. तुझा दोरा कधी दिसला नाही मला. तुझे कपडे कोण मापतं?

ढब्बू

वन्सं, त्यांनी पाकीट चिकटवायला दिलं म्हणून हे चार शब्द. लाल दोरा संध्याकाळी सरावाहून आल्यावर घेतलाय. मोज्याची रेघ घोट्यात खोल उमटली होती. तपासणीला गेलेले नाहीत. कंबर दुखते म्हणून रोज गोळी घेतात, कधी दोन. मी सांगितलं असं सांगू नका.


दुकान, २७ जून

ढब्बू,

मला कोणी काही सांगितलेलं नाही. मी फक्त दोरे बघितले.

पांढरा दोरा वाढणार हे मी धरूनच चालले होते, त्याने मी घाबरले नाही. लाल दोऱ्याने घाबरले. तुझे घोटे घोड्याच्या पायासारखे बारीक. आई म्हणायची, एवढा मोठा गडी आणि पाय कुणाचे आणले. अंग कितीही सुटलं तरी तुझा लाल दोरा इतकी वर्षं तसाच राहिला. सगळे मी खिळ्यावरून काढून शेजारी ठेवले. या वेळचा त्या सगळ्यांपेक्षा बराच लांब आहे.

तुला आईच्या चपला आठवतात? शेवटच्या वर्षी तिचे पाय फुगायचे. ती म्हणायची, उभं राहून राहून होतं. मी तिच्या चपलांचे पट्टे उसवून रुंद करून द्यायचे आणि ती माझं कौतुक करायची. मूत्रपिंडं गेलीत हे कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. त्या वेळी घरात कोणालाच काही कळलं नाही, डॉक्टरकडे कोणी वेळेवर गेलंच नाही.

मी शिंपीण आहे. मला यकृतातलं कळत नाही आणि मूत्रपिंडातलंही नाही. पण त्या डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी बघून लघवी तपासायला सांगितली, ते उगीच नाही. त्यांना काहीतरी दिसतंय. ढब्बू, उद्या जा. परवा नाही. कोट, बँड, संचलन, सगळं नंतर.

माझे झगे मी अंदाजानेच कापते. माझं सोड.

ताई


घरून, १९ जुलै

ताई,

गेलो होतो. पत्राला उशीर झाला कारण निकाल हातात घेऊन लिहायचं होतं, आणि निकाल आल्यावर लिहवेना.

लघवीतून प्रथिनं गळतायत. फार नाही, पण गळतायत. रक्तदाब वर आहे. साखर उंबरठ्यावर.

डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवून सगळं समजावलं. बाई वयाने तुझ्याहून लहान असतील, पण काय शांत बोलतात! मी विचारलं, यकृताचा आणि मूत्रपिंडाचा काय संबंध, एक इकडे, एक तिकडे. त्या म्हणाल्या, यकृतात चरबी साठली की ती तिथे गप्प बसत नाही. सगळ्या शरीरात बारीक दाह सुरू होतो, साखर आणि रक्तदाब बिघडतात, आणि मूत्रपिंडं हा सगळा मार मुकाट सोसतात. दुखत नाहीत, तक्रार करत नाहीत. म्हणून ज्याचं वजन जास्त आणि यकृत चरबीने भरलेलं, त्याची लघवी तपासायचीच, असा त्यांचा नियम. मी ती चिठ्ठी खिशात घेऊन हिंडत होतो.

मग त्यांनी माझ्या घोट्यावर बोट दाबलं. खड्डा पडला आणि तसाच राहिला. विचारलं, काही गोळ्या घेता का? मी म्हटलं, कंबरेची, साधी, औषधाच्या दुकानातली. त्यांनी पेनच खाली ठेवलं. त्या गोळ्यांनी अंगात पाणी साठतं आणि आधीच शिणलेल्या मूत्रपिंडांना इजा होते, असं त्या म्हणाल्या. त्या क्षणी बंद करायला लावल्या. रक्तदाबाचं औषध दिलं. गोड पेयं बंद, मीठ कमी, तळलेलं कमी, आणि चालणं. बँडच्या कार्यक्रमानंतर आम्हाला त्या थंड गोड बाटल्या मिळतात ना, मी दुसऱ्यांच्याही प्यायचो. मी त्या कधी खाण्यापिण्यात धरल्याच नव्हत्या. डॉक्टरीणबाईंनी दिवसभराचं खाणं विचारलं तेव्हा अगदी मनापासून सांगितलं, मी फारसं काही खात नाही. बायको शेजारी बसली होती, तिने नुसतं माझ्याकडे बघितलं.

मी विचारलं, बरा होईन का? त्यांनी खोटी आशा दाखवली नाही. म्हणाल्या, वजन हळूहळू उतरवलंत तर यकृत बरंच सुधारतं. मूत्रपिंडांचं जे गेलं ते सगळं परत येईल असं नाही, पण इथेच थांबवता येईल. अजून वेळ गेलेली नाही.

ताई, मला भीती वाटते. हे मी बायकोला सांगितलेलं नाही. आईचा चेहरा डोळ्यांसमोर येतो. आणि लाज वाटेल असं एक सांगतो, तुझ्यापासून काय लपवायचं. दुसरी भीती ढोलाची आहे. पोट गेलं तर ढोल कशावर ठेवू? मला लोक ओळखतात ते पोटामुळे. ते गेलं तर मी कोण?

ढब्बू


दुकान, २६ जुलै

ढब्बू,

पत्र दोनदा वाचलं आणि मशीन बंद करून बसले. मग शेजारच्या इस्त्रीवाल्याला हाक मारून चहा मागवला, बिनसाखरेचा. त्याला वाटलं माझं डोकं फिरलं.

आधी ढोलाचं सांगते. तू कोण ते मला माहीत आहे. त्या मैदानावरच्या कार्यक्रमात मी आले होते, आठवतं? मध्येच दिवे गेले. संध्याकाळ होती, पण मांडवाच्या छताखाली काळोख. तुतारीवाले थांबले, क्लॅरिनेट थांबली, माणसं एकमेकांवर आदळायला लागली. तू थांबला नाहीस. नुसता ढोल, एकटा, त्याच लयीत. मी बसल्या जागी ऐकत होते. हळूहळू एकेक वाद्य तुझ्या ठोक्यावर परत आलं आणि दिवे आले तेव्हा सगळा बँड रांगेत चालत होता. माझ्या अंगावर काटा आला होता. शेजारच्या बाईला मी सांगितलं, तो माझा भाऊ. काळोखात तुझं पोट कोणाला दिसत होतं रे?

आता कोटाचं. कापड येऊन पडलंय, गडद निळं, हाताला गार लागतं. टेबलावर पसरून खडूने नुसत्या रेघा मारून ठेवल्यात. कातर लावणार नाही. कापलं की परत जोडता येत नाही. तू दर पंधरवड्याला पांढरा आणि लाल, दोन्ही दोरे पाठवायचे. मी जुनी रेघ पुसून नवी मारत जाईन. संचलनाच्या आधी जेव्हा आता कापायलाच हवं अशी वेळ येईल, तेव्हाचा जो दोरा असेल त्यावर कापीन. आशेवर कापणार नाही आणि रागावरही नाही.

उपास करून वेडेपणा करू नकोस. डॉक्टरीणबाई सांगतील तेवढंच कर. आणि भीती वाटली की मला लिही, बायकोलाही सांग. तिला तुझ्यापेक्षा जास्त कळतं, एवढंच मी बोलते.

माझं माप घेऊन काय करायचंय? मला कोण संचलनात नेणार आहे!

ताई


वाद्यखोली, १४ सप्टेंबर

ताई,

दोरे पोहोचत असतील. मधल्या वेळात नुसते दोरेच पाठवले, पत्र नाही, कारण सांगण्यासारखं काही नव्हतं. सकाळी चालायचं, कमी खायचं, चिडायचं, परत चालायचं. पहिल्या आठवड्यात बायकोवर इतका चिडलो की तिने मला दाराबाहेर काढून सांगितलं, आणखी एक फेरी मारून ये. मारून आलो.

पण आज सांगायला आहे. लाल दोरा बघितलास? तो जुन्या मापावर आलाय. गोळ्या बंद झाल्या तसे पाय उतरत गेले. कंबर दुखते अजून, पण डॉक्टरीणबाईंनी व्यायाम दाखवलाय, तो करतो. लघवीची तपासणी परत केली. गळती कमी झालीय. गेलेली नाही, पण कमी आहे. बाईंनी निकाल बघितला आणि पहिल्यांदा हसल्या. मला शाळेत कधी बक्षीस मिळालं नाही, पण मिळालं असतं तर असंच वाटलं असतं.

आता वाईट बातमी. ढोल घसरतोय. फळी गेली ना! पट्टे खांद्यात रुततात, ढोल खाली सरकतो, काल चालता चालता काठी माझ्याच मांडीवर बसली. क्लॅरिनेटवाला हसला नाही, तेव्हाच मला कळलं की काहीतरी गंभीर आहे. सराव संपल्यावर मास्तरांनी बोलावलं. म्हणाले, "तब्येत महत्त्वाची, तू यंदा झांजा घे. ढोल मी दुसऱ्याला देतो." चांगल्या मनाने म्हणाले. झांजा वाईट असं नाही, पण मी इतकी वर्षं सगळ्या बँडला पाऊल दिलंय.

त्यांनी महिनाअखेरपर्यंत मुदत दिलीय. ताई, कोट ढोल धरू शकतो का? विचारायचं म्हणून विचारतो. हसू नकोस.

ढब्बू


दुकान, २२ सप्टेंबर

ढब्बू,

हसले नाही. पेन्सिल घेऊन बसले.

तुझा जुना कोट, तो मागचा अवाढव्य, लगेच पाठवून दे. ढोलाच्या कड्यांचं आणि पट्ट्यांचं चित्र काढून पाठव, आणि ढोल अंगाला जिथे टेकायचा तिथे तुझ्या सदऱ्यावर खडूने खूण करून तो सदराही पाठव. जुन्या कोटाचा पोटावरचा भाग चांगला जाड आहे, अस्तरासकट. त्याचे थर एकावर एक घालून मी एक कमरपट्टा शिवते, पुढे गादीसारखी कडा असलेला. ढोल त्या कडेवर बसेल. मागे पाठीवर पट्टे फुलीसारखे जातील, म्हणजे खांद्यांवरचा भार पाठीवर वाटला जाईल आणि कंबरेला आधार मिळेल. तो नव्या कोटाच्या आतून बांधायचा, बाहेरून दिसणार नाही.

बाबा असते तर म्हणाले असते, डाव्या हाताच्या टाक्याला भार सोसतो का बघू. सोसतो, मी नमुन्याची पट्टी शिवून तिला दोन पोती तांदूळ टांगून बघितले. पोती वर चढवायला इस्त्रीवाल्याला बोलवावं लागलं, मला हल्ली जिना चढताना धाप लागते, वय झालं. तू मात्र दर आठवड्याला हलका होतोयस. भिंतीवर तुझे पांढरे दोरे ओळीने लावलेत, एकेक आखूड होत गेलाय. दुकानात येणारं प्रत्येक माणूस विचारतं, हे काय. मी सांगते, माझ्या भावाने केलंय. मला तुझा इतका अभिमान वाटतो की गिऱ्हाईक कंटाळून निघून जातं.

संचलनाला मी येतेय. पहिल्या रांगेत खुर्ची ठेव.

ताई


घरून, १२ नोव्हेंबर

ताई,

आली नाहीस. आधी रुसून लिहिणार नव्हतो. बायको म्हणाली, कोट अंगावरून उतरवायच्या आत लिही.

कोट असा बसला की मास्तरांनी दोन्ही खांद्यांवर हात ठेवून मला गोल फिरवला आणि मिशी चावायची विसरले. पट्टा कोणाला दिसला नाही. ढोल बसला तो हललाच नाही. चौकातल्या वळणावर सगळा बँड एकदम फिरतो, तिथे ढोल हमखास डुलतो, तिथेही नाही. मी ठोका दिला आणि मागे शंभर पावलं एकदम पडली. कंबर दुखली नाही. माझ्या जुन्या कोटाचं पोट माझ्या नव्या कोटाच्या आत ढोल धरून चालत होतं, हे फक्त मला आणि तुला माहीत. मला चालता चालता रडू येत होतं आणि ढोलवाल्याला डोळे पुसायला हात मोकळा नसतो.

एक पोरगं ओरडलं, "याचं पोट कुठे गेलं?" त्याच्या आईने त्याला गप्प केलं. मी त्याच्याकडे बघून गाल फुगवले. तो खूश.

तुझ्यासारखी कारागीर मी पाहिलेली नाही, आणि हे मी भाऊ म्हणून बोलत नाही. मास्तरही म्हणाले. पण पहिल्या रांगेतली तुझी खुर्ची रिकामी होती. मी प्रत्येक वळणाला बघत होतो. फोन केला तर इस्त्रीवाल्याने उचलला, म्हणाला ताईंना ऑर्डर आलीय. शंभर वर्षांतून एकदा येणारा दिवस, ताई, आणि तुला ऑर्डर!

ढब्बू


दुकान, २० नोव्हेंबर

ढब्बू,

ऑर्डर नव्हती. इस्त्रीवाल्याला मीच तसं सांगायला लावलं होतं.

त्या दिवशी सकाळी तयार होऊन बसले होते. तुझ्या संचलनासाठी चांगले बूट काढले, काळे, तुझ्या लग्नात घेतलेले. ते पायात जाईनात. तेल लावून बघितलं, टाचेमागे बूट चढवायची पट्टी घालून बघितलं, नाडी सगळी काढून टाकली. मग चप्पल घालून निघावं म्हणून वाकले तर घोट्यावर बोट टेकलं. खड्डा पडला. तू लिहिलं होतंस तसाच, पडला आणि राहिला.

मग तुझे पांढरे दोरे बघितले भिंतीवर. इतक्या आठवड्यांत तू एकदाही पत्रात "जमत नाही" असं लिहिलं नाहीस. मला वाटलं, ढब्बूने एवढं केलं आणि मी बूट घालायला घाबरतेय. स्टेशनवर न जाता इस्पितळात गेले. तुला कळवलं असतं तर तू ढोल टाकून आला असतास, म्हणून नाही कळवलं.

यकृतात चरबी आहे. रक्तदाब आहे. लघवीतून गळतंय, तुझं पहिल्या वेळी होतं साधारण तेवढंच. गुडघ्यासाठी मी त्याच गोळ्या खात होते, तुझ्यापेक्षा जास्त दिवस. तुझ्या पत्रात त्या गोळ्यांचं वाचलं होतं, आणि वाचून डबी ड्रॉवरमध्ये परत ठेवली होती. तू ढोल उचलतोस, मी बसून असते, म्हणून माझी गोष्ट वेगळी, असं मी स्वतःला सांगितलं. आता बंद केल्यात.

सोबत दोन दोरे आहेत, एक पांढरा, एक लाल. गाठ माझी नाही. स्वतःभोवती दोरा फिरवून दुसरं टोक हाती येईना, इस्त्रीवाल्याच्या बायकोने घेतलं माप. आयुष्यात पहिल्यांदा कोणी माझं माप घेतलं. हात वर करून उभी राहिले आणि तोंड बंद ठेवलं.

आता तू सांग काय करायचं ते.

ताई


घरून, २७ नोव्हेंबर

ताई,

भिंतीवर खिळा ठोकलाय, खिडकीशेजारी, जिथे चालून आल्यावर माझी नजर आधी जाते. त्यावर तुझे दोरे आहेत आणि शेजारच्या खिळ्यावर माझे. तुझा पांढरा माझ्यापेक्षा लांब आहे, आता यावर मी जन्मभर चिडवणार.

काय करायचं ते सांगतो. आईच्या वेळी कळायला उशीर झाला होता. आपल्याला कळलंय. डॉक्टरीणबाईंना तुझ्याबद्दल सांगितलं, त्या म्हणाल्या, ताईंनी त्यांच्या डॉक्टरांचं ऐकावं, नियम सगळीकडे तेच असतात. तर सकाळी चालायचं. मशीनवर बसल्या बसल्या गोड चहा नाही. चिडलीस तर इस्त्रीवाल्यावर चीड, त्याला सवय आहे. आणि दर पंधरवड्याला मला दोन दोरे. जुना पाठवायचा नाही, तुझी गाठ मी कुठेही ओळखीन.

काळे बूट पुसून कपाटात वर ठेव. वसंतात आमचा बागेतला कार्यक्रम आहे. ते घालून यायचं. तुझी खुर्ची मी आजच सांगून ठेवलीय, मास्तरांनी तिच्यावर कोणालाही बसू द्यायचं नाही असं कबूल केलंय.

खिळा मी ठोकला, पण दोरे बायकोने टांगले. मी एवढा मोठा ढोल उचलतो, आणि तुझा लाल दोरा मला हातात धरून ठेवता येईना.

तुझा,
ढब्बू